जास्त धावलेल्या डिझेल ट्रकचे इंजेक्टर कधी बदलावेत? सीमाभागातील नव्या ट्रकमालकांसाठी

बेळगाव, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात पहिला ट्रक बहुधा जुनाच घेतला जातो. गाडी चार-पाच लाख किलोमीटर धावलेली असते, आधी दोन-तीन मालकांच्या हातून गेलेली असते, आणि उसाचा हंगाम तोंडावर आलेला असतो. अशा वेळी धूर वाढला किंवा ॲव्हरेज उतरले की गॅरेजमध्ये ठरलेले निदान ऐकायला मिळते: ‘इंजेक्टर गेले, सगळा सेट टाका.’ (इंजेक्टर म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग.) हे निदान कधी बरोबर असते, पण पुष्कळदा ते घाईत केलेले असते. सहा सिलिंडरच्या कॉमन रेल (एकाच सामाईक नळीतून सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या) इंजिनाचा नवा सेट घ्यायचा म्हटले तर खर्च लाखाच्या पुढे जाऊ शकतो. तेवढे करूनही दोष फिल्टरमध्ये, टर्बोच्या पाइपमध्ये किंवा इंजिनच्या कॉम्प्रेशनमध्ये असेल, तर धूर जिथल्या तिथेच राहतो.

इंजेक्टर बदलायचे की नाही, हे किलोमीटरच्या आकड्यावरून ठरवू नये. ते मोजमापावरून ठरवावे. स्वच्छ डिझेल आणि वेळेवर फिल्टर मिळालेल्या काही गाड्यांत मूळ इंजेक्टर पाच लाखांपर्यंत टिकतात, तर शेतावरच्या बॅरलमधले पाणी मिसळलेले डिझेल पिणाऱ्या गाडीत दीड लाखातच त्यांचा निकाल लागतो. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्याव्यात. स्वस्त तपासण्या आधी आहेत आणि महागड्या नंतर.

जवळ काय असावे

कागदांमध्ये आरसी, एफसीची (फिटनेस सर्टिफिकेटची) शेवटची तारीख, मागची एमिशन टेस्ट, आधीच्या मालकाकडून मिळतील तेवढी सर्व्हिसची बिले आणि इंजिन क्रमांक लागतो. सुटे भाग मागवताना गाडीच्या मॉडेलपेक्षा इंजिन क्रमांक आणि जुन्या इंजेक्टरवर कोरलेला पार्ट नंबर जास्त उपयोगी पडतो, कारण एकाच नावाच्या गाडीत वेगवेगळ्या वर्षी वेगळे इंजेक्टर बसवलेले असतात. साहित्यात डिझेलच्या नोंदीची वही, चांगली बॅटरी, स्वच्छ पारदर्शक बाटल्या, सारख्या लांबीच्या नळ्या आणि शक्य असल्यास लांबूनच तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन ठेवावी. स्कॅनर (इंजिनच्या कंप्युटरमधले आकडे वाचणारे यंत्र) आणि टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच बोल्ट आवळणारा पाना) गॅरेजकडे असायला हवेत. ज्याच्याकडे टॉर्क रेंच नाही, त्याच्याकडे कॉमन रेलचे काम देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

१. आपल्या गाडीत कोणती यंत्रणा आहे ते पाहा

भारतभर बीएस-४ (वाहनांच्या प्रदूषणाचे मानक) एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ एप्रिल २०२० पासून लागू झाले. बीएस-६ ट्रक कॉमन रेलचे असतात, पण त्याआधीच्या गाड्यांबाबत केवळ वर्षावरून अंदाज बांधू नये. अशोक लेलँडच्या आयईजीआर प्रकारच्या बीएस-४ गाड्यांना कॉमन रेलऐवजी जुन्या पद्धतीचा इनलाइन पंपच होता. केबिन उचलून पाहावे. सिलिंडर हेडच्या बाजूने एक जाड आडवी रेल असेल आणि प्रत्येक इंजेक्टरला विजेचे कनेक्शन असेल, तर ती कॉमन रेल आहे. पंपातून प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र पाइप जात असेल आणि इंजेक्टरवर वायर नसेल, तर ती जुनी यांत्रिक पद्धत आहे.

हा फरक सुरक्षिततेसाठी फार महत्त्वाचा आहे. यांत्रिक पंपाच्या गाडीत मिस्सिंग (कोणता सिलिंडर नीट पेटत नाही ते) शोधण्यासाठी चालू इंजिनवर एकेका इंजेक्टरचा पाइप सैल करून पाहण्याची जुनी सवय आहे. कॉमन रेलवर तसे कधीही करू नये आणि कोणाला करूही देऊ नये. या रेलमधला दाब १६०० बारच्या वर जाऊ शकतो. त्या दाबाने निघालेली डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण वेळीच शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. गळती शोधायची असेल तर पुठ्ठा धरावा, हात फिरवू नये.

२. ॲव्हरेज अंदाजाने नव्हे, लिहून ठरवा

टाकी काठोकाठ भरावी, फेरी करावी, पुन्हा काठोकाठ भरावी आणि किलोमीटरला लिटरने भागावे. एका फेरीवरून निष्कर्ष काढू नये; त्याच मार्गाच्या, त्याच सुमाराच्या भाराच्या निदान तीन-चार फेऱ्यांची नोंद हवी. आपल्या भागात ही काळजी जास्त घ्यावी लागते. निपाणीहून बेळगावकडे येताना तवंदी आणि वंटमुरी हे दोन्ही घाट चढावे लागतात, त्यामुळे जाण्याचा आणि येण्याचा आकडा मुळातच वेगळा येतो. गोव्याचा माल उतरवून आंबोली घाटाने परत येणाऱ्या गाडीची तुलना विजापूरच्या सपाट रस्त्यावरच्या गाडीशी करण्यात अर्थ नाही.

सीमेवर आणखी एक घोळ होतो. दोन राज्यांतल्या दरांत फरक असला की चालक कधी कोगनोळीच्या अलीकडे तर कधी पलीकडे डिझेल भरतो आणि प्रत्येक पंपावर टाकी अर्धवटच भरली जाते. अशा नोंदींतून कोणतेही ॲव्हरेज सिद्ध करता येते. निदान तपासणीच्या काळात तरी एकच पंप ठरवून घ्यावा.

३. लक्षणे ओळखा, पण त्यांच्यावरच थांबू नका

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. पांढरा धूर म्हणजे डिझेल पूर्ण न जळता बाहेर पडते आहे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे आणि त्याचा इंजेक्टरशी सहसा संबंध नसतो. डिसेंबरात बेळगाव-खानापूरच्या थंडीत सकाळी सुरू केल्यावर थोडा वेळ पांढरा धूर येणे स्वाभाविक आहे. इंजिन गरम झाल्यावरही तो राहिला, तरच दखल घ्यावी. बीएस-६ गाडीत काळा धूर दिसण्याची वाट पाहू नये, कारण काजळी डीपीएफमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरच्या काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) अडकते. तिथे खूण वेगळी असते: रिजनरेशन (अडकलेली काजळी जाळून फिल्टर साफ करणे) पूर्वीपेक्षा लवकर-लवकर मागितले जाते. दोषी इंजेक्टरवर गाडी तशीच ओढत राहिल्यास पुढे डीपीएफचाही खर्च पदरात पडतो.

आयडलिंगला इंजिन थरथरणे, एका सिलिंडरचा टणटण आवाज, सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागणे, घाटात गाडी न ओढणे ही बाकीची लक्षणे आहेत. त्यांतले प्रत्येक लक्षण दुसऱ्या कारणानेही येऊ शकते. परंतु दोन परिस्थितींत पुढच्या पायऱ्यांची वाट न पाहता गाडी उभी करावी.

पहिली म्हणजे इंजिन ऑइलची पातळी वाढणे. डिपस्टिकवर ऑइल कमी होणे सर्वांना कळते, पण वाढलेले ऑइल पाहून नवा मालक उलट निश्चिंत होतो. गळणाऱ्या नोझलमधले (इंजेक्टरच्या टोकातले) न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरते, किंवा सिलिंडर हेडच्या आतल्या जोडातून पाझरते, आणि ऑइलमध्ये मिसळते. डिपस्टिकवरचा थेंब बोटांत चोळून पाहावा. तो पाण्यासारखा पातळ लागला आणि डिझेलचा वास आला, तर ते ऑइल बेअरिंगांचे संरक्षण करू शकत नाही. दुसरी परिस्थिती म्हणजे एकाच सिलिंडरचा सतत जोरदार नॉक आणि सोबत दाट पांढरा धूर. नोझल उघडे अडकले असेल तर अनियंत्रित डिझेलने पिस्टनचे डोके वितळून भोक पडू शकते. त्यानंतर प्रश्न इंजेक्टरचा राहत नाही, इंजिन उतरवण्याचा होतो.

४. स्वस्त कारणे आधी बाजूला काढा

डिझेल फिल्टर बदलावा आणि जुना फिल्टर फेकण्यापूर्वी त्यातले डिझेल काचेच्या बाटलीत ओतून थोडा वेळ ठेवावे. तळाशी पाणी बसले तर टाकी धुवायला हवी. चमकदार धातूचे बारीक कण दिसले तर प्रकरण गंभीर आहे, कारण हाय प्रेशर पंप आतून झिजू लागला आहे. अशा गाडीत नुसते नवे इंजेक्टर टाकणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. पंपाची दुरुस्ती आणि टाकी, पाइप, रेल यांची संपूर्ण सफाई न करता बसवलेले इंजेक्टर त्याच कणांनी पुन्हा खराब होतात. नोझलची सुई आणि ती ज्यात सरकते ती पोकळी यांतली फट दोन-तीन मायक्रॉनची असते, तर माणसाचा केस पन्नास मायक्रॉनहून जाड असतो. डोळ्यांना दिसणारा कण या यंत्रणेसाठी फारच मोठा आहे.

खानापूर बाजूच्या पावसात उभ्या राहणाऱ्या गाड्यांनी वॉटर सेपरेटरमधले पाणी नियमित काढावे. ऊसतोडीच्या ठिकाणी कॅनमधून डिझेल ओतायची वेळ आली तर गाळून घ्यावे, पण गाळणीने पाणी अडेलच असे समजू नये.

त्यानंतर एअर फिल्टर, टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे होज पाइप, टॅपेटचे अंतर, फीड पंप आणि टाकीकडून येणाऱ्या पाइपातली हवा पाहून घ्यावी. टर्बोचा होज आतून फाटलेला असेल तर उभ्या गाडीत काही कळत नाही, पण भार घेऊन चढ लागला की काळा धूर आणि अशक्तपणा दोन्ही येतात. लक्षणे हुबेहूब इंजेक्टरसारखीच असतात. बॅटरी कमजोर असेल तर सेल्फ हळू फिरतो, रेलमध्ये पुरेसा दाब तयार होत नाही आणि दोष इंजेक्टरच्या माथी मारला जातो.

५. स्कॅनर लावा आणि आकडे मागा

‘स्कॅनरने इंजेक्टर दाखवला’ एवढे ऐकून पैसे देऊ नयेत. एरर कोड हा केवळ संशयाचा धागा असतो. इंजेक्टरच्या सर्किटचा कोड तुटलेल्या वायरमुळे किंवा ढिल्या कनेक्टरमुळेही येतो, त्यामुळे आधी वायरिंग पाहावे. इंजिन पूर्ण गरम असताना आयडलिंगला तीन गोष्टी पाहायला सांगाव्यात आणि स्क्रीनचा फोटो काढून ठेवावा.

रेलचा अपेक्षित दाब आणि प्रत्यक्ष दाब यांत अंतर आहे का, ही पहिली गोष्ट. प्रत्येक सिलिंडरचे करेक्शन किती आहे, ही दुसरी. इंजिन समतोल ठेवण्यासाठी कंप्युटर कोणत्या सिलिंडरला किती जास्त किंवा कमी डिझेल देतो आहे हे त्यातून कळते, आणि एक सिलिंडर बाकीच्यांपासून खूप दूर असेल तर तो संशयित ठरतो. तिसरी म्हणजे सिलिंडर कट-आउट: एकेक इंजेक्टर स्कॅनरनेच बंद करायचा. चांगला सिलिंडर बंद केला की इंजिन लगेच अडखळते. ज्याला बंद करूनही काही फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता. इन्फ्रारेड गनने एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे प्रत्येक सिलिंडरजवळचे तापमान घेतले तर याच निष्कर्षाला दुजोरा मिळतो, कारण कमजोर सिलिंडर तुलनेने थंड राहतो.

६. रिटर्न टेस्ट

माझ्या मते सगळ्या तपासण्यांत ही सर्वांत बोलकी आहे, आणि खर्च जवळजवळ काहीच नाही. प्रत्येक इंजेक्टर रेलमधून आलेले थोडे डिझेल परत टाकीकडे सोडतो. आतला व्हॉल्व्ह झिजला की हे परतीचे डिझेल वाढते, रेलचा दाब टिकत नाही आणि गरम इंजिन सुरू व्हायला त्रास देते. रिटर्न लाइनचा दाब कमी असल्याने ती सोडता येते, पण हे काम जाणत्या फिटरकडूनच करून घ्यावे, कारण काही इंजिनांत रिटर्नचा मार्ग हेडच्या आतून जातो आणि तिथे ही पद्धत चालत नाही.

प्रत्येक इंजेक्टरची रिटर्न नळी एकेका बाटलीत सोडायची, टाकीकडे जाणारे तोंड बंद करायचे आणि इंजिन ठरलेला वेळ आयडलिंगला चालवायचे. मग बाटल्या एका ओळीत ठेवून पाहायच्या. पाच बाटल्यांत पातळी बोटभर आणि सहावीत चार बोटे असेल, तर कोणाला विचारण्याची गरज उरत नाही. सगळ्याच बाटल्या सारख्या पण जास्त भरल्या असतील, तर पूर्ण सेट सारखाच झिजला आहे. किती म्हणजे जास्त, हे कंपनीच्या सर्व्हिस पुस्तकातल्या मर्यादेशी ताडून ठरवावे. इंजिन सुरूच होत नसेल तर ही चाचणी सेल्फ मारूनही करता येते.

येथे एक इशारा आवश्यक आहे. रिटर्न चांगला आला म्हणजे इंजेक्टर चांगला, असे सिद्ध होत नाही. नोझलच्या टोकाची भोके कार्बनने बुजली असतील किंवा फवारा बिघडला असेल, तर रिटर्नमध्ये ते दिसत नाही.

७. इंजेक्टरवर पैसे घालण्याआधी इंजिनची तब्येत पाहा

इंजिन चालू असताना ऑइल भरायचे झाकण उघडून किंवा ब्रीदरजवळ (इंजिनच्या आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीजवळ) पाहावे. तिथून धूर फुसफुसत असेल तर रिंग आणि लायनर झिजले आहेत. कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्यावी. ज्या सिलिंडरचे कॉम्प्रेशनच पडले आहे, त्यात नवा इंजेक्टर टाकूनही डिझेल नीट जळणार नाही. अशा गाडीचा निर्णय इंजेक्टरचा नसून हाफ इंजिन (रिंग, लायनर बदलण्याचे काम) करायचे की गाडी विकून टाकायची, असा असतो.

८. काढलेले इंजेक्टर लॅबच्या बेंचवर तपासा

संशय पक्का झाला की इंजेक्टर काढून बेळगाव, कोल्हापूर किंवा हुबळीच्या एखाद्या डिझेल कॅलिब्रेशन लॅबकडे द्यावेत. कोणता इंजेक्टर कितव्या सिलिंडरचा, हे काढतानाच खूण करून ठेवावे. यांत्रिक इंजेक्टरमध्ये तीनच गोष्टी पाहायच्या असतात: तो ठरलेल्या दाबाला उघडतो का, फवारा सारखा पडतो का आणि टोकाला थेंब लोंबतो का. त्यात बहुधा नोझल आणि शिम (दाब जुळवणारी चकती) बदलून काम भागते व खर्चही आवाक्यात राहतो.

कॉमन रेलच्या इंजेक्टरचा छापील रिपोर्ट मागावा. फुल लोड, मधला भार, आयडल आणि पायलट (मुख्य फवाऱ्याआधीचा छोटा फवारा) अशा प्रत्येक टप्प्यावर इंजेक्टरने किती डिझेल दिले, रिटर्न किती आला आणि त्यासाठी मान्य मर्यादा काय आहे, हे त्यात असते. आयडल आणि पायलटच्या टप्प्यांकडे नीट पाहावे, कारण फुल लोडला पास होणारा इंजेक्टर पायलटला नापास होऊ शकतो आणि टणटण आवाज तिथूनच येतो. रिपोर्ट न देता ‘चालत नाहीत’ एवढेच तोंडी सांगणाऱ्याकडून इंजेक्टर परत घ्यावेत आणि दुसरीकडे न्यावेत.

९. हिशेब मांडा: एक, दोन की पूर्ण सेट?

समजा गाडी महिन्याला ६,००० किलोमीटर धावते आणि ॲव्हरेज ४ वरून ३.७ वर आले आहे. पूर्वी १,५०० लिटर लागत होते, आता सुमारे १,६२२ लागतात. लिटरला ९० रुपये धरले तर महिन्याला जवळपास ११,००० रुपये जास्त जातात. दुरुस्तीचा एकूण अंदाज ६६,००० असेल तर तो सहा महिन्यांत वसूल होतो, तोही घसरलेले सगळे ॲव्हरेज परत आले तर. चालकाची पद्धत, टायर आणि ओव्हरलोड यांचा वाटा इंजेक्टरच्या खात्यावर मांडू नये.

एकच इंजेक्टर नापास आणि बाकीचे मर्यादेच्या बऱ्याच आत असतील, तर एकच बदलावा आणि तो का गेला ते शोधावे. दोन किंवा अधिक नापास असतील आणि उरलेले मर्यादेच्या कडेवर असतील, तर पूर्ण सेट एकदाच करणे शहाणपणाचे, कारण प्रत्येक वेळी मजुरी, वॉशर आणि गाडी उभी राहण्याचे दिवस वेगळे मोजावे लागतात. उसाच्या गाडीला हा निर्णय सप्टेंबरच्या सुमारास घेऊन टाकावा. गळीत सुरू झाल्यावर बुडालेल्या खेपांचे नुकसान कधीकधी इंजेक्टरपेक्षा महाग पडते. एफसी जवळ आली असेल तर तेही लक्षात घ्यावे. आठ वर्षांपेक्षा जुन्या व्यावसायिक वाहनाला ती दरवर्षी करावी लागते, आणि धुराची मर्यादा बीएस-४ गाडीला ५० एचएसयू (धुराची दाटी मोजण्याचे एकक) व त्याआधीच्या गाड्यांना ६५ एचएसयू आहे.

नवा घ्यावा की रिकंडिशन? नोझल आणि व्हॉल्व्ह दोन्ही नवे टाकून, बेंच रिपोर्टसह मिळालेला रिकंडिशन इंजेक्टर वाईट नसतो, आणि गाडी दोन-तीन वर्षांत विकायची असेल तर तोच परवडतो. नुसता धुऊन रंगवलेला मात्र कोणत्याही किमतीला महाग आहे. बॉशचा नाशिकचा कारखाना नोझल आणि इंजेक्टर बनवतो, म्हणजे अस्सल माल आपल्यापासून दूर नाही. खोक्याशिवाय, बिलाशिवाय स्वस्तात मिळणारा ‘कंपनीचा’ इंजेक्टर घेण्याचे कारण उरत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यामुळे जुन्या २८ टक्क्यांच्या दराने केलेले कोटेशन आले तर ते सुधारून मागावे.

सीमाभागातला नेहमीचा सापळा वॉरंटीचा आहे. इंजेक्टर कोल्हापुरात घेतला आणि बसवला बेळगावात, तर बिघाड झाल्यावर दुकानदार बसवणाऱ्याकडे बोट दाखवतो आणि फिटर मालाकडे. शक्यतो माल आणि मजुरी एकाच ठिकाणी असावी. ते जमत नसेल तर बिलावर पार्ट नंबर, इंजेक्टरचा अनुक्रमांक आणि वॉरंटीची मुदत लिहून घ्यावी. जॉब कार्ड कन्नडमध्ये असेल आणि वाचता येत नसेल, तर सही करण्याआधी ते कोणाकडून तरी वाचून घ्यावे.

१०. बसवताना समोर उभे राहा

इंजेक्टर काढण्याआधी हेड धुतलेले असावे आणि उघड्या पाइपांना ताबडतोब टोप्या लावाव्यात. जुना तांब्याचा वॉशर हेडमध्येच चिकटून राहतो. तो न काढता वर नवा घातला की इंजेक्टरची उंची बदलते आणि फवारा चुकीच्या जागी पडतो. म्हणून प्रत्येक भोकात टॉर्च मारून पाहायला सांगावे. वॉशर नवाच हवा, बैठक साफ हवी आणि क्लँप टॉर्क रेंचने आवळलेला हवा. ज्या इंजिनात कोडिंग लागते, तिथे इंजेक्टरच्या डोक्यावर कोरलेला कोड त्या-त्या सिलिंडरला स्कॅनरने भरावा लागतो. बॉशच्या इंजेक्टरवर त्याला आयएमए कोड म्हणतात. कोड न भरता सोडलेली गाडी चालते, पण नव्या इंजेक्टरवरही थरथरते आणि धूर सोडते. कोड बसवण्यापूर्वीच मोबाइलमध्ये टिपून घ्यावा, कारण नंतर तो दिसत नाही. डिझेल फिल्टर याच वेळी नवा टाकावा आणि ऑइलमध्ये डिझेल मिसळल्याचे आढळले असेल तर ऑइल व त्याचा फिल्टर बदलल्याशिवाय इंजिन सुरू करू देऊ नये.

जुने इंजेक्टर पिशवीत घालून घरी न्यावेत. एक्स्चेंजमध्ये द्यायचे ठरले असेल तर त्यांची किंमत बिलात वजा झालेली दिसली पाहिजे. काही दिवसांनी इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर जमू लागला, किंवा चक-चक असा आवाज आला, तर वॉशरमधून गॅस निघतो आहे. गाडी त्याच फिटरकडे न्यावी आणि तोवर घाटाची खेप घेऊ नये. वहीतली नोंद पुढेही चालू ठेवावी, आणि त्याच मार्गावरच्या तीन-चार फेऱ्यांचे ॲव्हरेज जुन्या आकड्यांशेजारी लिहून वॉरंटीच्या मुदतीतच फरक तपासून घ्यावा.